आयडलला इंजिन डोलतंय आणि नेमकं लॉकमध्येच बंद पडतंय

कालवेकर:
मंडळी मदत करा. ५७ फुटी नॅरोबोट आहे (इंग्लंडच्या कालव्यांतली लांब अरुंद बोट), आत बीएमसी कंपनीचं जुनं १.८ लिटर डिझेल इंजिन. थंड असताना गुणी बाळ, आयडलला म्हणजे रेस न देता ८५० आरपीएमला टुकटुक चालतं, पण अर्धाएक तास झाला की डोलायला लागतं, म्हणजे ६५० वर येतं मग आपलं आपणच ९०० ला जातं आणि परत खाली. रेस दिली की काही नाही, मस्त ओढतं. परवा ग्रँड युनियन कालव्यावर स्टोक ब्रुअर्नचे सात लॉक (पाणी भरून-सोडून बोट वर-खाली नेणारे, दोन्हीकडे दारं असलेले हौद) चढताना तिसऱ्यात शिरलो, थांबायला रिव्हर्स टाकला आणि फुस्स. पंधरा-सोळा टनांचं धूड हळूच जाऊन वरच्या दाराखालच्या दगडी उंबऱ्याला टेकलं, आतले कप सगळे जमिनीवर, बायको काठावर दोर धरून उभी होती ती अजून बोलत नाहीये. वसंतात दोन्ही फिल्टर मीच बदललेत, धूर नाही, डिझेल कुठे गळत नाही, सगळ्या जॉइंटवर टिश्यू फिरवून बघितला, कोरडा. आयडलचा स्क्रू अर्धा फेरा आत दिला तर काम होईल का?

डिझेलदास:
होईल की. मी माझा ९५० वर नेऊन ठेवलाय, दोन वर्षं झाली, बंद पडणं बंद.

ग्रीसचे हात:
स्क्रूला हात लावू नका हो कालवेकर. डिझेलदास, राग मानू नका पण ते दुखणं झाकणं झालं. आयडल चढवलं की गिअर टाकताना दणका बसतो, आणि बांधलेल्या बोटींजवळून हळू जायचं तर जाताच येत नाही, लोक खिडकीतून डोळे वटारतात. शिवाय स्क्रू सरकला असता तर आयडल कायमच खाली राहिलं असतं, असं वरखाली झुललं नसतं. झुलतंय म्हणजे गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचा वेग सांभाळणारा भाग, डिझेल मागतोय आणि त्याला ते सारखं मिळत नाहीये.
आधी एवढं बघा. आरपीएमचा काटा बहुतेक बोटींत अल्टरनेटरवरून चालतो, बेल्ट घसरला की काटा पडतो पण इंजिन पडत नाही, म्हणून काट्यावर नाही कानावर विश्वास ठेवा. मग इंजेक्शन पंपाच्या लिव्हरची थ्रॉटल केबल सोडून बघा, लिव्हर स्टॉपला नीट टेकतोय का. रात्रभर बॅटऱ्या उतरल्या असतील तर सकाळी अल्टरनेटर इंजिनाला दाबून धरतो, ७० अँपियर १४ व्होल्टला म्हणजे जवळपास हजार वॅट बॅटरीत जातात आणि इंजिनाला त्याहून बरेच जास्त ओढावे लागतात, पण त्याने आयडल नुसतं बसतं, झुलत नाही.
आणि सगळ्यात महत्त्वाचं, टाकीत डिझेल किती आहे?

कालवेकर:
बेल्ट घट्ट आहे, कानालाही तसंच ऐकू येतं. केबल सोडली तरी डोलतंय. टाकी अर्ध्याखाली आहे. आता विचारलंत म्हणून आठवलं, वसंतात फुल होती तेव्हा तक्रारच नव्हती!

ग्रीसचे हात:
मग एअर धरतंय. टाकी भरलेली असते तेव्हा डिझेल स्वतःच्या वजनाने इंजिनाकडे येतं. पातळी खाली गेली की लिफ्ट पंपाला, म्हणजे टाकीतून डिझेल इंजिनाकडे आणणाऱ्या छोट्या पंपाला, ते ओढून घ्यावं लागतं, आणि ओढणाऱ्या बाजूला बारीक फट असली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. म्हणून तुमचा टिश्यू कोरडा. लिफ्ट पंपाच्या पुढचा फिल्टर दाबाखाली असतो, तो गळला असता तर दिसलं असतं. तेव्हा टाकी ते लिफ्ट पंप एवढ्याच तुकड्यात शोधा. पंपाच्या आधी फूटभर पारदर्शक डिझेल पाइप लावा, तात्पुरता हं, तपासून झालं की काढून टाका, आणि इंजिन गरम होऊ द्या.

टिलरवाली:
त्या तुकड्यात पाणी पकडणारा फिल्टर असेल ना, काचेच्या वाटीचा? त्याची वरची रबर रिंग बघा. जुनी रिंग खाचेत काळी पडून चिकटून बसते, दिसतच नाही, आणि आपण नवी तिच्यावरच बसवतो. मी केलंय, पूर्ण उन्हाळा घालवलाय त्यात. सुईने उकरा पण खाचेला ओरखडा नको. आणि एअर काढायला इंजेक्टरचे नट ढिले कराल तर इंजिन चालू असताना बोटं जवळ नेऊ नका, ती धार कातडीत शिरते, तो थेट हॉस्पिटलचा मामला आहे.

कालवेकर:
टिलरवाली, पाय कुठे आहेत तुमचे! पाइप लावला, वीसएक मिनिटांनी साबुदाण्याएवढे बुडबुडे, एकामागे एक. वाटी उतरवली तर खाचेत जुनी रिंग, वर माझीच नवी. दोन्ही काढल्या, एक नवी बसवली, एअर काढली, तास दीड तास बांधल्या जागी चालवलं, डोलणं गेलं. स्क्रू जिथल्या तिथे. गिअर टाकला की ८५० चं ७५० होतं, एवढं चालतं ना?

ग्रीसचे हात:
चालतं. टाकी आता लगेच भरू नका. पाव टाकीवर आणून परत ते सात लॉक करा, मग सांगा.