मदत हवी आहे: बाबांच्या कल्चरमध्ये जंतूच नाही, मग अँटिबायोटिक कशावर?

स्लो_लोकल: बाबा ७२ वर्षांचे, दादरला ॲडमिट आहेत, न्यूमोनिया झालाय. आज बेडक्याचा कल्चर रिपोर्ट (लॅबमध्ये जंतू वाढवून बघतात तो) आला, नुसतं 'नॉर्मल फ्लोरा', म्हणजे नेहमीचेच जंतू, आजाराचा कुठला नाही, आणि डॉक्टर म्हणतात औषध चालूच ठेवू. अहो जंतूच सापडला नाही तर औषध कशावर चाललंय? लवकर सांगा, पाचला राउंड आहे.

गोरेगावची_काकू: न्यूमोनियासाठीच ॲडमिट केलं की आधीपासून आत होते?

स्लो_लोकल: खुब्याचं ऑपरेशन. ताप पाचव्या दिवशी. सांगितलं ना?

निशाचर: नाही सांगितलंत, आणि तोच मुद्दा आहे. ॲडमिट झाल्यावर ४८ तास उलटून झालेला तो हॉस्पिटलातला न्यूमोनिया, त्यात क्लेबसिएला, ॲसिनेटोबॅक्टर, सुडोमोनास अशी हट्टी मंडळी असतात, म्हणून रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू करतात. व्हेंटिलेटर आहे का? सॅम्पल अँटिबायोटिकच्या आधीचं की नंतरचं?

आगाऊ: कल्चर सोडा, पीसीआर पॅनल करा, त्यात थेट जंतूंचा डीएनए शोधतात. सासऱ्यांचं केलं होतं, दुपारी सॅम्पल, संध्याकाळी नाव हातात.

लॅबवाली: पॅनल मेलेल्या जंतूचाही डीएनए पकडतं, नुसता घशात मुक्कामाला आलेल्याचाही. आणि कुठलं औषध चालेल ते नीट कळायला कल्चर लागतंच. स्लो_लोकल, रिपोर्टवर ग्रॅम स्टेनची (नमुना रंगवून मायक्रोस्कोपखाली बघतात, त्याची) ओळ बघा, पस सेल्स (पूच्या पेशी) आणि एपिथेलियल सेल्स (तोंडाच्या अस्तराच्या पेशी) किती लिहिल्यात?

परळकर: मुंबईत आधी टीबी बघायचा, जीनएक्सपर्ट या टीबीच्या टेस्टला साधारण दोन तास लागतात. लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक चालू असेल तर टीबी तात्पुरता दबतो, मग महिनाभर सगळे खूश.

निशाचर: पाचव्या दिवशी अचानक ताप, तोही ऑपरेशननंतर, यात टीबी कुठून आणलात? प्रत्येक धाग्यात तेच.

परळकर: खोकला असलेल्या प्रत्येक धाग्यात. शहर बघा कुठलं आहे.

मोहरीची_फोडणी: अडुळशाचा काढा द्या, आमच्या आजीने आयुष्यभर तोच घेतला.

गोरेगावची_काकू: झोपून असलेल्या माणसाला ठसका लागला म्हणजे? विचारल्याशिवाय काही पाजू नका हो.

निशाचर: बाय द वे, ग्रॅमने १८८४ मध्ये ही रंगवायची पद्धत छापली ती न्यूमोनियाने गेलेल्यांच्या फुप्फुसांवर काम करूनच.

स्लो_लोकल: इतिहास राउंडनंतर. ओळ सापडली, पस सेल्स १० च्या खाली, एपिथेलियल २५ च्या वर. व्हेंटिलेटर नाही, नाकात ऑक्सिजनची नळी आहे. इंजेक्शन सोमवारी रात्री सुरू झालं, डबी मंगळवारी चहानंतर मावशींनी आणून दिली, बाबा त्यात थुंकले.

लॅबवाली: मग ती लाळ आहे, बेडका नाहीच. चांगल्या नमुन्यात बरोबर उलटं दिसतं, एपिथेलियल १० च्या आत, पस २५ च्या वर. त्यात अँटिबायोटिकचं इंजेक्शन आधीच, म्हणजे जंतू उगवणं आणखी अवघड. हा रिपोर्ट 'जंतू नाही' म्हणत नाहीये, फुप्फुसातलं काही मिळालंच नाही म्हणतोय. औषध बंद करा असं अजिबात सांगू नका. नवीन नमुना मागा, साध्या पाण्याने चूळ भरून, खोल खोकून, जमत नसेल तर फिजिओवाल्यांकडून सलाइनचं नेब्युलायझेशन, आणि डबी दोन तासांत लॅबमध्ये. ब्लड कल्चर?

गोरेगावची_काकू: दादरला गाडी कुठे लावता हो? रविवारी बघायला जायचंय एकांना.

स्लो_लोकल: राउंड झाला. ब्लड कल्चर सोमवारीच, इंजेक्शनच्या आधी घेतलेलं होतं, मलाच कोणी बोललं नाही, अजून त्यात काही उगवलेलं नाही. नवीन डबी उद्या सकाळी, चहाच्या आधी. काकू, ट्रेनने या.

आगाऊ: पॅनलचं विचारलंत का?