कारल्याचं बी पेर गं सुनबाई : कोणतं व्हर्जन शिकवू?

महालची_लेक
यंदा आमच्या अपार्टमेंटमध्ये भुलाबाई (मुलींचा महिनाभर गाणी म्हणायचा सण) बसवून राहिलो, पंधरा-सोळा मुली आहेत, बहुतेकींनी भुलाबाई पाहिलेलीच नाही, म्हणून कारल्याचं गाणं (सून माहेरी जाऊ द्या म्हणते, सासू म्हणते आधी कारलं पेर, वेल वाढू दे) शिकवायला यूट्यूबवर शोधत बसले. एक सापडलं ढोलकी आणि कीबोर्डवालं, एकदम फास्ट, मुली लगेच नाचायला लागल्या. दुसरं गिटार-बासरीवर, बाईचा आवाज इतका गोड की मी दोनदा ऐकलं, पण त्यात वेलाला पान आलं की डायरेक्ट भाजी! फूल नाही, कारलं नाही. आणि तिसरं माझ्या आईनं मोबाईलवर गाऊन पाठवलं, मागे कुकरची शिट्टी, सात मिनिटं. मला आईचंच आवडते पण मुली एवढं लांब म्हणतील का? तुमच्याकडे कसं म्हणायचे सांगा ना.

टिपरी
ढोलकीवालं नको ताई. आम्ही नागपूरला सक्करदऱ्यात लहानपणी नुसत्या टाळ्यांवर नाहीतर टिपऱ्यांवर म्हणायचो, अर्ध्या पोरी सासू, अर्ध्या सून, समोरासमोर उभ्या. हे गाणं दोघींचं भांडण आहे हो. कव्हरवाले सगळं एकाच आवाजात गातात, मग कोण मागून राहिलं आणि कोण अडवून राहिलं ते कळणार कसं? सून 'आता तरी जाऊ द्या माहेरा' म्हणायची तेव्हा आमची एक मैत्रीण शेवटचा 'माहेरा' इतका लांबवायची की आतल्या बायका बाहेर येऊन उभ्या राहायच्या.

काटोलवाला
आमच्या वावरात कारली असतात म्हणून सांगतो. बी लावल्यापासून पहिला तोडा याले ५५ ते ६० दिवस लागते. भुलाबाई भादव्याच्या पुनवेले बसते न कोजागिरीले उठते, म्हणजे एक महिना. त्या दिवशी बी लावलं तरी कारलं याच्या आधी भुलाबाई उठून जाते! सासू पोरीले नाही म्हणतच नाही, नुसती थांबवून ठेवते. पान, फूल, कारलं, भाजी, मग सासऱ्याले विचार, दिराले विचार, नवऱ्याले विचार. ते कडवे कापले त मंग त्या पोरीनं वाट पाहिलीच कुठं? काऊन कापतात राजेहो.

पुणेकर_मावशी
माझं सासर पुण्याचं, इथे भोंडल्यात पाटावर हत्ती काढून भोवती फेर धरतात आणि 'कारल्याचा वेल लाव गं सुने' म्हणतात. शेवट मात्र गोड, 'आणा फणी घाला वेणी, जाऊ द्या राणी माहेरा'. माझ्या नागपूरच्या आजीच्या गाण्यात शेवटी नवरा काठी घ्यायचा, ते कडवं ती हळू आवाजात म्हणायची. दोन्ही शेवट मुलींना ऐकवा, मोठ्या मुलींशी बोला त्यावर. लपवू नका.

महालची_लेक
काटोलवाले दादा, तुमचं वाचून अंगावर काटा आला. आईला वाचून दाखवलं तर ती गप्पच झाली, मग म्हणाली, लग्नानंतर पहिल्या वर्षी मला सात महिने जाऊ दिलं नव्हतं. मला हे माहीतच नव्हतं. आता एकही कडवं कापत नाही, अर्ध्या मुली सासू अर्ध्या सून, आणि पहिल्या दिवशी आई स्वतः शिकवायला येते म्हणाली. खिरापतीचं काय करायचं ते वेगळं विचारते.