लहान खुली अर्थव्यवस्था : किंमत हातात नसेल तर मार्केटिंग कशाचे करायचे?

प्रश्न (गंगापूररोड)
मी नाशिकमध्ये एमबीएच्या पहिल्या वर्षाला असून मार्केटिंग हा माझा मुख्य विषय आहे. अर्थशास्त्राच्या पेपरात ‘लहान खुली अर्थव्यवस्था’ (म्हणजे जगाशी मोकळेपणाने व्यापार करणारा लहान देश) हे प्रकरण आहे आणि अशा देशाला जागतिक भाव आहे तसा स्वीकारावा लागतो, असे त्यात म्हटले आहे. मग तिथल्या विक्रेत्याला किंमत ठरवण्याचा अधिकार उरतोच कुठे? शिवाय भारत या व्याख्येत बसत नसेल, तर आम्हाला त्याचा उपयोग काय? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (पिंपळगावकर)
देश लहान की मोठा हे लोकसंख्येवरून ठरत नाही. त्याची खरेदी-विक्री वाढली-घटली म्हणून जगाचा भाव हलतो का, एवढेच पाहायचे असते, आणि तेही प्रत्येक मालासाठी वेगळे. न्यूझीलंड हा पाठ्यपुस्तकातला नमुनेदार लहान देश, पण दूध पावडरच्या जागतिक व्यापारात त्याचा वाटा इतका मोठा आहे की तिथल्या लिलावाकडे सगळ्या जगाचे लक्ष असते. उलट आपला द्राक्ष निर्यातदार युरोपात चिली, पेरू आणि दक्षिण आफ्रिकेच्या मालाशेजारी उभा राहतो, तेव्हा भाव त्याच्या सांगण्याने ठरत नाही.

उत्तर २ (लासलगाव रोड)
वरील मुद्दा कांद्यावरून अधिक स्पष्ट होईल. समजा बाहेरचा भाव किलोला ३० रुपये आहे आणि सरकारने किलोमागे ५ रुपये निर्यातशुल्क लावले. देश त्या बाजारात लहान असेल, तर परदेशी ग्राहक ३० च्या वर एक पैसाही देणार नाही आणि देशातला भाव थेट २५ वर येईल, म्हणजे सगळा भार शेतकऱ्यावर. देश मोठा असेल तर पुरवठा घटल्याने बाहेरचा भाव, समजा, ३२ होईल आणि शेतकऱ्याला २७ मिळतील. कांद्यात भारत या दुसऱ्या गटात मोडतो : डिसेंबर २०२३ च्या निर्यातबंदीनंतर इकडे बाजार समित्यांत भाव कोसळले आणि तिकडे ढाक्यात ते भडकले. अर्थात, मोठा देश असूनही शेतकऱ्याचा तोटा टळत नाही, हे परीक्षेच्या उत्तरात अवश्य लिहावे. बहुतेक विद्यार्थी ते विसरतात.

उत्तर ३ (द्राक्षनिर्यात)
मूळ प्रश्न मार्केटिंगचा आहे, म्हणून थोडे त्याविषयी. जागतिक भाव स्वीकारावा लागतो तो एकसारख्या, निनावी मालाचा. न्यूझीलंडच्या उत्पादकांनी ‘झेस्प्री’ या नावाखाली किवी एकत्र विकायला सुरुवात केली आणि दर्जाची हमी देऊन साध्या किवीपेक्षा जास्त दर मिळवला. आपल्याकडे पॅकहाऊसमध्ये अर्ध्या किलोच्या पनेटमध्ये (छोट्या डब्यात) एकसारख्या मण्यांचे घड भरले जातात, रेसिड्यूची (फळावर उरलेल्या औषधांच्या अंशाची) तपासणी होते आणि माल कोणत्या बागेतला हे शोधता येते. तो खटाटोपही याचसाठी आहे. पण पनेटवर नाव बहुधा तिकडच्या सुपरमार्केटचे असते, त्यामुळे ग्राहकाच्या मनातली ओळखही त्यांचीच राहते आणि किमतीवरचा ताबाही. तुम्हाला एमबीएसाठी प्रकल्प करायचा असेल, तर माझ्या मते हाच विषय सर्वांत योग्य ठरेल.

सिंगापूर हीही लहान खुली अर्थव्यवस्थाच, पण तिथली गोष्ट वेगळी आहे. तिथे वापरातला बहुतेक माल आयात होत असल्याने मध्यवर्ती बँक १९८१ पासून व्याजदराऐवजी चलनाच्या विनिमय दरावर नियंत्रण ठेवून महागाई आवरते. तिथल्या विक्रेत्याला किंमतपत्रक ठरवताना आधी चलनाचा दर पाहावा लागतो.

गंगापूररोड
सर्वांची मनापासून आभारी आहे. प्रकल्पासाठी पनेटवरील नावाचाच विषय घेते. निर्यातदाराला मिळणारा दर आणि सुपरमार्केटमधला विक्रीदर यांची तुलना करताना वाहतूक व शीतगृहाचा खर्च कसा वेगळा काढावा, हे कोणी सांगू शकेल का?