मदत हवी आहे : कारचा बॅटरी चार्ज करणारा डायनामो घरीच काढतोय, खालचा बोल्ट हलत नाही

राम राम मंडळी. गाव घाटंजी तालुक्यातलं, जिल्हा यवतमाळ. गाडी २०११ ची, छोटी पेट्रोल. बाबांचं मंगळवारी अन् शुक्रवारी यवतमाळला डायलिसिस असतं, म्हणून गाडी उभी राहून चालत नाही.

मागच्या शुक्रवारी परतताना धो-धो पाऊस. वायपर, हेडलाइट, ब्लोअर, सगळं एकदम चालू. बॅटरीचा लाल दिवा आधी मिणमिणला, मग पेटूनच राहिला. गावाच्या अलीकडे वायपर अर्ध्या काचेवर रेंगाळायला लागला. बाबा मागे झोपलेले, मी स्टिअरिंग घट्ट धरून. घरी येऊन गाडी बंद केली, पुन्हा सेल्फ मारला तर नुसती टकटक.

बॅटरी मंडपवाल्याच्या चार्जरवर रात्रभर लावली. सकाळी १२.६ व्होल्ट. गाडी चालू केल्यावर १२.३, हेडलाइट लावले की ११.९ अन् हळूहळू खालीच. चालू गाडीत १३.८ ते १४.४ यायला पाहिजे. बेल्टला भेगा नाहीत, ताणही ठीक. बेअरिंगचा आवाज नाही. तालुक्याच्या एका मेकॅनिकनं फोनवरच सांगितलं, अख्खा डायनामो बदला. नवा घ्यायचा तर बियाण्या-खताच्या उधारीत अजून एक भर. बदलावाच लागला तर बसवायचं काम मी घरी करीन, पान्यांचा सेट आहे. पण दोष खरंच त्यातच आहे हे कसं ओळखू?

प्रतिसाद (अकोला)
भाऊ, तुम्ही व्होल्ट बॅटरीवर मोजले, डायनामोवर नाही. गाडी चालू ठेवा, मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनसवर अन् लाल पिन डायनामोमागच्या जाड वायरीच्या नटवर लावा. तिथं १४ च्या वर येत असन तर डायनामो चांगला हाय, मधली वायर नाहीतर मोठा फ्यूज गेला. मंग लाल पिन डायनामोच्या बॉडीवर लावा. ०.२ च्या वर दाखवलं तर अर्थिंग खराब. माह्या जीपला नवा डायनामो बसवला अन् निघाली काय, गंजलेली अर्थिंगची पट्टी! बाह्या वर करून घ्या, बेल्ट अन् पंख्याजवळ हात जाते.

एक अजून. चालू गाडीत बॅटरीचं टर्मिनल काढून पाहू नका. जुन्या ट्रॅक्टरवर लोक करतात तसं. कारमध्ये व्होल्टेज उसळते अन् ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) जळू शकते.

धागाकर्ता
लय आभार भाऊ. मोजलं. नटवरही १२.३ च, अर्थिंगला ०.०५. म्हणजे दोष आतच.

आज मायनस टर्मिनल काढून कामाला लागलो. जाड वायर अन् कपलर सुटला, वरच्या पट्टीचा बोल्टही निघाला. खालचा लांब बोल्ट मात्र जागचा हलत नाही, अन् तो ढिला झाल्याशिवाय बेल्ट उतरत नाही. डोकं घासलं जाईल म्हणून थांबलोय.

प्रतिसाद (वर्धा)
थांबलात हे बरं केलं. दोन्ही टोकांना गंज सोडवायचा स्प्रे मारा, रात्रभर मुरू द्या. सकाळी डोक्यावर हातोडीचे हलके ठोके द्या, मग सहाकोनी गोटी पाना लावून आधी थोडा कसायच्या बाजूला अन् मग सोडायच्या बाजूला फिरवा. बाराकोनी गोटी लावू नका, ती कोपरे खाते. डायनामोच्या अंगाला टॉमी लावून उचकटू नका, ॲल्युमिनियमचं असतं, तडकतं.

निघाला की लगेच नवा घेऊ नका. मागचं झाकण काढून कार्बन (आतल्या फिरत्या भागाला टेकून वीज देणारे तुकडे) पाहा. बऱ्याच गाड्यांत कार्बन अन् व्होल्टेज ताब्यात ठेवणारा रेग्युलेटर वेगळे मिळतात, ऑटो इलेक्ट्रिशियन थोडक्यात बसवून देतो. अन् बसवायच्या आधी बॅटरी चार्जरवर पूर्ण भरून घ्या. उतरलेली बॅटरी भरायचा सगळा भार दुरुस्त केलेल्या डायनामोवर टाकू नका.

धागाकर्ता
निघाला! स्प्रे अन् ठोके, दोन्हींनी काम केलं. झाकण उघडलं तर एक कार्बन पार बुटका झालाय, स्प्रिंग टेकतच नव्हती. पण रोटरवर (आतल्या फिरत्या भागावर) कार्बन जिथं टेकतात त्या तांब्याच्या कड्यावर चर पडलीय, नखाला लागते. उद्याची डायलिसिसची फेरी शेजाऱ्याच्या गाडीनं करतोय, डायनामो पिशवीत सोबत नेतो. एवढ्या चरीवर नवे कार्बन टिकतील, की कडं लेथवर घासून घ्यायला सांगू? सकाळी सातला निघतो, त्याआधी कुणी सांगितलं तर बरं होईल.