सरासरीपेक्षा अंतर महत्त्वाचे
कुर्ला स्थानकाबाहेरची बसची रांग गाड्या वाढवल्यानेच आटोक्यात येईल, असे म्हटले जाते. माझ्या मते हा विचार अर्धाच आहे. दर १० मिनिटांनी नेमाने बस आली, तर अवचित थांब्यावर पोहोचलेल्या प्रवाशाला सरासरी ५ मिनिटे थांबावे लागते. त्याच गाड्या आळीपाळीने ४ आणि १६ मिनिटांच्या अंतराने धावल्या, तर हा काळ ६.८ मिनिटांवर जातो आणि दोन-दोन गाड्या जोडीने आल्या, तर १० मिनिटांवर. ताशी फेऱ्या मात्र तिन्ही वेळी सहाच असतात. तरीही प्रतीक्षा वाढते, कारण लांब अंतरात जास्त माणसे सापडतात आणि सरासरी तिकडे झुकते.

जोड्या जमतात त्या चालकाच्या आळसामुळे नव्हे. थोड्या उशिरा आलेल्या बससाठी थांब्यावर अधिक माणसे जमलेली असतात, ती चढेपर्यंत बस आणखी रेंगाळते, तर मागच्या बसला थांबे रिकामे मिळून ती पुढचीला गाठते. म्हणजे उशीरच उशिराला खतपाणी घालतो. न्यूएल आणि पॉट्स या संशोधकांनी १९६४ मध्येच हे गणिताने मांडले होते. (मुंबईकराला त्यासाठी गणिताची गरज नाही, हे वेगळे.) म्हणून नव्या गाड्यांच्या खरेदीआधी, मार्गावरील एक-दोन थांब्यांवर लवकर आलेली बस मिनिटभर रोखून अंतर सावरण्याचा प्रयोग करावा आणि त्याचे यश फेऱ्यांच्या संख्येवर न मोजता प्रवाशाच्या प्रतीक्षेवर मोजावे.