मदत हवी आहे : बिशपांवर परिषदांचा अंकुश खरंच चालायचा का?

नमस्कार मंडळी,

सुरुवातीच्या चर्चमध्ये बिशपला, म्हणजे एखाद्या शहरातल्या ख्रिस्ती समाजाच्या धर्मप्रमुखाला, आवरायचं कुणी, यावर टिपण लिहितेय आणि अडलेय. कागदावर उत्तर सोपं आहे : परिषद, म्हणजे बिशपांची सभा. ३२५ सालच्या निकाया परिषदेचा पाचवा नियम म्हणतो की बिशपने कुणाला बहिष्कृत केलं असेल, तर ते आकसापोटी किंवा हेकटपणातून झालं नाही ना, हे तपासायला प्रांतातल्या सगळ्या बिशपांनी वर्षातून दोनदा जमावं. थोडक्यात, अपिलाची सोय.

पण निकाल बजावायचा कुणी? अंत्योखचा बिशप, समोसाटाचा पॉल, याला परिषदेने २६८ च्या सुमारास पदावरून काढलं, तर गडी चर्चची वास्तूच सोडेना! शेवटी रोमन सम्राट ऑरेलियनकडे दाद मागावी लागली, आणि तो तर ख्रिस्तीही नव्हता.

उलटंही घडलंय. अलेक्झांड्रियाचा बिशप थिओफिलस याला स्वतःवरच्या आरोपांची उत्तरं द्यायला कॉन्स्टँटिनोपलला बोलावलं होतं. त्याने ४०३ मध्ये जवळच, कॅल्सेडनपाशी आपलीच परिषद भरवली आणि कॉन्स्टँटिनोपलचा बिशप जॉन क्रिसोस्टम यालाच पदच्युत करून टाकलं. याला अंकुश म्हणायचं की हत्यार?

तर दोन शंका. न्यायाला बसणारेही बिशपच, मग बाकीच्यांना काही आवाज होता का? आणि राजाच्या कुबडीशिवाय परिषद प्रबळ ठरली असा काळ कधी आला का?

प्रतिसाद १
दुसरी शंका आधी घेतो. कॉन्स्टन्सची परिषद (१४१४–१८) बघा. तिघेजण एकाच वेळी पोप म्हणवत होते. परिषदेने दोघांना काढलं, तिसऱ्याने राजीनामा दिला आणि १४१७ मध्ये मार्टिन पाचवा निवडला गेला. अर्थात तिथेही जर्मन राजा सिगिस्मुंड होताच, कुबडी पुरती सुटली नाही. मला त्याहून मोलाचा वाटतो तो १४१७ चाच दुसरा ठराव : पुढची परिषद ५ वर्षांनी, त्यानंतरची ७ वर्षांनी, मग दर १० वर्षांनी. बोलावण्याचा अधिकार ज्याच्या हाती, त्याच्याच मर्जीवर अंकुश टिकतो, हे त्या लोकांनी नेमकं ओळखलं होतं. पण वेळापत्रक फार टिकलं नाही. १४६० मध्ये पोप पायस दुसरा याने पोपविरुद्ध भावी परिषदेकडे अपील करण्यावर बंदी घातली. गंमत म्हणजे तरुणपणी बाझलच्या परिषदेत हाच गृहस्थ परिषदेच्या बाजूने लढला होता.

प्रतिसाद २
पहिल्या शंकेवर. आजच्या कॅथलिक कायद्यात धर्मप्रांताच्या सिनडमध्ये (चर्चच्या सभेत) धर्मगुरू आणि प्रापंचिक (धर्मगुरू नसलेले सामान्य ख्रिस्ती) बसतात, पण त्यांचं मत फक्त सल्ल्यापुरतं. नियम करणारा एकटा बिशप. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये मात्र १९७० पासून जनरल सिनडची तीन सभागृहं आहेत : बिशप, धर्मगुरू, प्रापंचिक. २०१२ मध्ये स्त्रियांना बिशप करण्याचा प्रस्ताव पहिल्या दोन्ही सभागृहांत मंजूर झाला, आणि प्रापंचिकांच्या सभागृहात दोन-तृतीयांशाला ६ मतं कमी पडून कोसळला. २०१४ मध्ये तो संमत झाला. निकाल पटो न पटो, दात असलेला अंकुश तो हा.

धागाकर्ती
दोघांचेही आभार, टिपणाचा सांधा सापडला. एक उपप्रश्न : वर्षातून दोनदाची ती बैठक पुढे कुठवर चालली?

प्रतिसाद १
फार नाही. ७८७ च्या दुसऱ्या निकाया परिषदेने प्रवासाच्या हालांमुळे ती वर्षातून एकदाच ठेवली, पण आडकाठी करणाऱ्या सत्ताधीशाला बहिष्काराची तंबी दिली. टाळाटाळ करणाऱ्या मुख्य बिशपलाही शिक्षा. त्या परिषदेचा सहावा नियम मुळातून वाचा.