एबीए बुडाली की एनबीएने गिळली?

रिमबाज: एबीए बुडाली असं कुणी म्हटलं की मला खरंच राग येतो. १९६७ ते ७६, नऊ सीझन चालली ही एनबीएला टक्कर देणारी अमेरिकेतली दुसरी प्रो बास्केटबॉल लीग, आणि तिच्याकडे थ्री पॉइंटर, म्हणजे लांबून टाकलेल्या बास्केटला तीन पॉइंट, पहिल्या दिवसापासून होता, एनबीएने तो घेतला १९७९ला! डंक कॉन्टेस्ट, म्हणजे उडी मारून बॉल थेट रिंगमध्ये कोंबायची स्पर्धा, ती पण यांचीच. १९७६, डेन्व्हर, ऑल स्टारचा हाफटाइम. नेट्स टीमचा स्टार ज्युलियस अर्व्हिंग फ्री थ्रो लाइनपासून पावलं मोजत मोजत पार पलीकडच्या टोकाला गेला, तिथून लांब लांब ढांगा टाकत आला आणि लाइनवरून उडाला, एका हातात एबीएचा तो लाल-पांढरा-निळा बॉल. एनबीएने हे सगळं उचललं, मला हे गिळणंच वाटतं.

कोर्टाबाहेरचा: साफ असहमत. थ्री पॉइंटर १९६१ला एब सेपरस्टीनच्या एबीएल नावाच्या वेगळ्याच लीगमध्ये होता, ती लीग दीड सीझनमध्ये आटोपली. आणि एबीए बुडाली नाही कशी? शेवटच्या सीझनला सॅन दिएगो आणि युटा या टीम मधेच बंद, सीझन संपल्यावर व्हर्जिनियाचंही शटर खाली. राहिल्या सहा, त्यातल्या नेट्स, नगेट्स, पेसर्स, स्पर्स एवढ्याच एनबीएत गेल्या, तेही प्रत्येकी ३२ लाख डॉलर मोजून. नेट्सना वर निक्सना, म्हणजे न्यूयॉर्कच्या जुन्या एनबीए टीमला, त्यांच्या भागात खेळायचे ४८ लाख द्यायचे होते, त्या ओझ्यापायी त्यांनी अर्व्हिंगलाच फिलाडेल्फियाला विकलं. घरातला कर्ता माणूस विकून आत जायचं, याला काय म्हणणार?

चौथा_क्वार्टर: दोघंही मालकांच्या बाजूने बोलताय, खेळाडूंचं काय? दोन लीग होत्या म्हणून पगार वाढले, म्हणूनच १९७०ला ऑस्कर रॉबर्टसन आणि एनबीए खेळाडूंची युनियन दोन्ही लीग एक करण्याविरुद्ध कोर्टात गेली आणि ते मर्जर सहा वर्षं अडलं. मोझेस मलोन १९७४ला शाळेतून थेट युटाकडे आला, हे एबीएमुळेच.

कोर्टाबाहेरचा: मग तेही पूर्ण सांगा की. आत न घेतलेल्या सेंट लुइस टीमचे मालक सिल्ना बंधू, त्यांनी टीम बंद करताना २२ लाख घेतले, आणि शिवाय आत गेलेल्या चार टीमच्या टीव्हीच्या पैशातला सातवा हिस्सा, कायमचा! २०१४ला तो करार बराचसा सोडवायला एनबीएला सुमारे ५० कोटी डॉलर मोजावे लागले. आणि जुन्या एबीए खेळाडूंना पेन्शन? २०२२ उजाडलं, तेव्हा कुठे २.४५ कोटी डॉलर मंजूर झाले, तेही सगळ्यांत मिळून. तोवर कितीजण गेले सुद्धा.

रिमबाज: हे मान्य, पेन्शनचं वाचून मलाही फार वाईट वाटलेलं, माणसं म्हातारी होईपर्यंत ताटकळत ठेवली. पण खेळात कमी होते हे कुणी म्हणू नका. मर्जरच्या आधी दोन्ही लीगच्या टीम प्रीसीझनला, म्हणजे सीझन सुरू होण्याआधी, एकमेकींशी खेळायच्या, त्यात एबीएने ७९ मॅच जिंकल्या, एनबीएने ७६.